बालवीराने आधी पुस्तक वाचावे काय?

आमच्या स्नेहातील एका कुटुंबात गेल्या चातुर्मासात एक लहानसा तंटा उपस्थित झाला, व आम्ही कोणे एके काळी बालवीरांच्या शिबिरांतून पुष्कळ हिंडलो असल्यामुळे तो सोडविण्याचे काम आमच्या गळ्यात आले. मंचर येथे राहणाऱ्या या कुटुंबातील बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या स्काउट पथकात, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात बालवीर पथकात, दाखल झाला आहे. पहिल्या पायऱ्या चढून झाल्यावर त्यास प्रावीण्यपदके मिळविण्याची हौस लागली. वडील वकील. त्यांचे म्हणणे असे की, ज्या विषयाचे पदक मिळवावयाचे त्या विषयाची मार्गदर्शक पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज मुलाने दोरीस अगर चुलीस हात लावू नये; कायदा न वाचता कोर्टात उभा राहणारा वकील जसा, तसाच हा प्रकार होय. मातेचे म्हणणे असे की, पोराचे अर्धे आयुष्य पुस्तकांत जातेच आहे, निदान हा एक छंद तरी पुस्तकावाचून राहू द्यावा. मुलास विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तुमचा निकाल लागेपर्यंत मी तंबू ठोकून पाहू का?”

त्याच्या या प्रश्नाने आम्हांस हसू आले खरे, परंतु वाद वाटतो तितका लहान नाही. ज्या घरांत चार पिढ्या विद्येचा अर्थ पुस्तक असाच धरला गेला, त्या घरांतील मुलांच्या बाबतीत तर तो मुळीच लहान नाही.

प्रथम या चळवळीच्या जन्मकथेकडे पाहू. तिच्यात दोन्ही पक्षांना पुरेल इतका पुरावा आहे. बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १८९९ साली शिपायांसाठी हेरगिरीवर व टेहळणीवर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले होते. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगच्या वेढ्यानंतर तो स्वदेशी परतला तो आपले शिपायांचे पुस्तक शाळांतील मुलेच वाचीत आहेत असे त्यास आढळले. तरी त्याने लगेच मुलांसाठी दुसरे पुस्तक लिहून हातावेगळे केले नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी नावाच्या छोट्याशा बेटावर त्याने विसेक मुले जमविली. त्यांत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले होती, तशी गावातील कामकऱ्यांचीही होती. त्यांच्याबरोबर त्याने आठवडाभर तंबूत मुक्काम केला, माग काढणे, अन्न शिजविणे, गाठी बांधणे, प्राणी ओळखणे हे सारे करून पाहिले, आणि मग १९०८ च्या जानेवारीपासून पंधरवड्यास एक भाग याप्रमाणे सहा भागांत आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. सारांश, पहिल्या बालवीरांजवळ बालवीरांचे पुस्तक नव्हते. ते त्यांच्यावरूनच लिहिले गेले.

येथे मातोश्रींचा पक्ष जिंकला असे वाटते. परंतु पुढे काय झाले तेही ऐकले पाहिजे. हे भाग दुकानांत येताच ठिकठिकाणच्या मुलांनी, कोणी शिक्षक नाही, कोणी नायक नाही अशा स्थितीत, नुसते ते वाचून आपापले संघ उभारले. दोन वर्षांच्या आत, १९०९ साली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी मेळावा भरला, तेव्हा तेथे काही मुलीही बालवीरांच्या वेशात दाखल झाल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते, आणि त्यांच्यासाठी अशी काही संस्थाही नव्हती. पुस्तक वाचून त्या स्वतःच बालवीर झाल्या होत्या. त्यांच्यामुळेच पुढल्या वर्षी मुलींची निराळी चळवळ निघाली. ज्यांना शिबिरात घेऊन जाणारे कोणी नव्हते त्यांना पुस्तकाने नेले, ही गोष्ट आम्ही फार मोठी मानतो. मुलींचे शिक्षण आपल्याकडे घराच्या उंबऱ्याशी किती काळ अडून राहिले होते हे ज्यांस आठवते ते पुस्तकाची थट्टा करणार नाहीत.

हिंदुस्थानात ही चळवळ १९०९ साली बंगळूर येथे प्रथम आली, पण ती गोऱ्यांच्या मुलांपुरती. हिंदी मुलांना तिचे दार बंद होते. ते उघडण्याचे श्रेय मद्रासकडे ॲनी बेझंट व अरुंडेल यांना आणि अलाहाबादकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांना आहे. हे निरनिराळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ या एकाच संस्थेत मिळाले व पुढील वर्षी मुलींची संस्थाही त्यात आली. आज आपल्या शाळांतून चालणारी सोपाने, पदके व त्यांच्या पुस्तिका या त्याच संस्थेच्या होत.

अमेरिकेत पदकांचा पसारा सर्वांत मोठा. तेथे १९११ सालीच सत्तावन विषयांची पदके होती, व पुढे एकेका पदकासाठी एकेक स्वतंत्र पुस्तिका निघाली. अशा ठिकाणी वकीलसाहेबांचा पक्ष बळकट असावयाचा. परंतु मौज अशी की, तेथील नियम मुलास पुस्तिका वाचण्याची सक्ती करीत नाही. पदकासाठी ज्या गोष्टी करावयाच्या त्या नेमक्या लिहिलेल्या असतात. त्यांहून कमी चालत नाही आणि परीक्षकाने त्यांहून जास्त मागावयाचेही नाही. ‘करून दाखव’ असे लिहिले असेल तर करून दाखविले पाहिजे, तोंडाने सांगून भागत नाही. ‘सांग’ असे असेल तर सांगितले पाहिजे. पुस्तिका हे साहाय्य, कसोटी नव्हे. हा भेद कागदावर सोपा दिसतो. तो पाळणे किती कठीण आहे हे आम्ही पुढे आमच्याच एका अपराधावरून सांगणार आहोत.

आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. मुंज झालेल्या बटूला वेदाची संथा गुरुजी मुखाने देत. पोथी समोर धरून म्हणणाऱ्याची गणना पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांत केली आहे. लिहिलेले पाहून म्हणणारा हा वेगाने म्हणणाऱ्याच्या व मान हलविणाऱ्याच्या पंक्तीस बसविला आहे. पण याच समाजाच्या घरांत दुसरीकडे काय झाले? १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ निघाले व १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. सासूच्या किंवा आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला ‘रुचिरा’ची गरज नव्हती, ती लागली परगावी, परप्रांती, परदेशी बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलींना. कमलाबाईंनी वाटी व चमचा ही घरातलीच मापे धरली म्हणून ते पुस्तक चालले. मात्र पुस्तक वाचून आधी पाठ करावे व मग चूल पेटवावी असे कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ते ओट्यावर उघडे ठेवूनच वापरले गेले, आणि ज्या पानावर हळदीचे डाग जास्त ते पान अधिक उपयोगी, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

असो. आता आम्ही प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींकडे वळतो.

जुन्नरच्या पश्चिमेस घाटघरच्या पुढे नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांतून देशावर येणारा माल या वाटेने चढत असे. घाटाच्या माथ्याजवळ खडकात कोरलेली एक लेणी आहे, व तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेचा मोठा लेख आहे. त्यात नागनिका राणीच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. गाई किती, कार्षापणे किती हे आकड्यांनी दिले आहे, आणि ते आकडे आपल्या देशातील अंकलेखनाच्या अत्यंत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या व प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव होते. नावे राहिली आहेत. प्रतिमा फुटून गेल्या, आणि त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या खाली शिल्लक आहेत. १८२८ साली साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी येथे आला व त्याने या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्याच्या हाती या लेण्याविषयीचे कोणतेही पुस्तक नव्हते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

काही वर्षांपूर्वी एका पथकाबरोबर आम्ही तेथे गेलो. मुलांपैकी एक चांगला हुशार मुलगा सर्व काही वाचून आला होता. लेण्यात पाऊल ठेवताच त्याने सातवाहनांची वंशावळ म्हणून दाखविली. आम्ही खूश झालो. त्याच्या मागून आलेला दुसरा मुलगा, ज्याने काहीही वाचले नव्हते, तो मात्र मागच्या भिंतीपाशी बराच वेळ खाली वाकून बसला होता. अखेर त्याने विचारले, “गुरुजी, येथे नुसती पावलेच का? वरची माणसे कोठे गेली?”

वंशावळ म्हणणाऱ्या मुलाने ती पावले पाहिली नव्हती. पुस्तकात प्रतिमा आहेत असे त्याने वाचले होते, आणि जे वाचले ते पाहिल्यासारखेच झाले होते. वस्तुतः माग काढणे हा बालवीराचा पहिला धडा. पावलावरून प्राणी ओळखावयाचा, तो किती वेळापूर्वी गेला, भरधाव गेला की रमत गेला हे ताडावयाचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजकुलाचा माग त्या दिवशी एका न वाचलेल्या मुलास लागला. मग रात्री घाटघरला मुक्कामी कंदिलाभोवती बसून आम्ही तेच पुस्तक उघडले, तेव्हा मुले ज्या उत्सुकतेने ऐकत होती ती सकाळी निघण्यापूर्वी वाचून दाखविले असते तर खचित दिसली नसती. ज्याने आधीच वाचले होते तो मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, कोणी न सांगता, एकटाच पावले पाहण्यास परत जाऊ लागला. त्यास एकटे जाऊ दिले नाही, हे वेगळे.

या एका अनुभवावरून आम्ही बरीच वर्षे असा सिद्धांत करून बसलो होतो की, डोंगर आधी, पुस्तक मागाहून. त्यात तथ्य आहे, परंतु तो संपूर्ण नाही, हे आम्हांस त्याच जुन्नर तालुक्यातील एका उसाच्या फडाने शिकविले.

कुकडी प्रकल्पाची धरणे बांधली गेली, कालवे आले, व जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागातील जिरायती रानात ऊस उभा राहिला. वर्षाचे बरेच महिने उभे असणारे हे दाट पीक बिबट्याला जंगलासारखेच वाटते. त्यात तो राहतो, पिले घालतो, कुत्री व शेरडे यांवर जगतो. २००१ ते २००३ या काळात या भागात माणसांवर फार हल्ले झाले. पकडलेले बिबटे नेऊन दूरच्या रानात सोडण्याचा जो उपाय तेव्हा चालला होता, त्यामुळेच हल्ले वाढण्याचा संभव असतो, असे विद्या अत्रेय यांच्या पुढील संशोधनावरून दिसून आले. माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते याच संकटातून उभे राहिले. संकट मात्र संपलेले नाही.

अशा मुलखात एका संध्याकाळी आमच्या शिबिरातील मुले दबा धरण्याचा खेळ खेळत होती. हा खेळ प्रत्येक बालवीर पुस्तकात असतो: वाकून, रांगत, पाला न वाजविता प्रतिपक्षाच्या जवळ जावयाचे. मुलांनी पुस्तक वाचले होते, आणि त्यात लिहिल्याप्रमाणे ती उसाच्या बांधाशेजारून अगदी निःशब्द रांगत चालली होती. आम्ही दूरवरून कौतुक पाहत होतो. एवढ्यात बांधावरून गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने भारा खाली टाकला व ती ओरडली, “आरं पोरांनू, खाली नगा वाकू! हुबं ऱ्हावा, आन् मोठ्यानं बोला! ह्या वक्ताला तो बांधावर येतोय.”

आमचा चेहरा उतरला. बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेस सहसा जात नाही. वाकलेले, बसलेले, लहान दिसणारे ते त्यास भक्ष्यासारखे वाटते. म्हणून अंधार पडू लागल्यावर एकटे हिंडू नये, हातात काठी व बॅटरी असावी, मोठ्याने बोलत जावे, उघड्यावर वाकून बसू नये, असे वनखाते गावोगाव सांगत असते. ज्या पुस्तकाने बालवीराला शांतपणे रांगावयास शिकविले ते पुस्तक उसाचे रान व त्यातील बिबट्या यांना उद्देशून लिहिलेले नव्हते. त्या बाईचे ज्ञान मात्र त्याच बांधावरचे होते. तेव्हा आधी कोणी शिकवावयास पाहिजे होते, ही गोष्ट उघड आहे. ‘करून पाहू, मग वाचू’ हे तत्त्व तेथे चालविले असते तर त्याची किंमत एखाद्या आईने भरली असती.

साप चावण्याचेही असेच. या भागात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही विषारी साप आहेत आणि शेतकऱ्यास त्यांचा धोका रोजचा आहे. येथे कोणीही समंजस मनुष्य ‘आधी अनुभव’ म्हणणार नाही. परंतु वकीलसाहेबांनी येथेही घाईने विजय मानू नये. प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत वर घट्ट बांधा, जखम चिरा, रक्त चोखा असे उपाय दिलेले असत, आणि कित्येक पिढ्यांनी ते पाठ केले. आजचे वैद्यकशास्त्र ते तिन्ही त्याज्य मानते. रोग्यास धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, आणि वेळ न दवडता जेथे प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात पोहोचवावे, हाच उपाय. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे वैद्य वर्षानुवर्षे हेच लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगत आले आहेत. आजोबांच्या कपाटातील पुस्तक वाचून पदक मिळविणारा मुलगा, न वाचणाऱ्या मुलाहूनही अधिक घातक ठरेल. न वाचणारा निदान मोटार शोधावयास धावेल.

पुस्तक जुने होते, ही गोष्ट आपल्या लोकांना पटविणे कठीण जाते, कारण आपल्या घरी जुने पुस्तक हे अधिक पूज्य असते. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्यास आहे ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. कचेऱ्या घोडेगावास आहेत. जुन्या नकाशावर विसंबून आंबेगावाची वाट धरणारा बालवीर पाण्याच्या काठाशी जाऊन उभा राहील. तसेच त्याच तालुक्यातील माळीण. ३० जुलै २०१४ च्या पहाटे अतिवृष्टीने डोंगराचा कडा खचून ते गाव चिखलाखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. बाहेरच्या जगाला ती वार्ता प्रथम कळली ती एका एस.टी. चालकामुळे. नेहमीच्या वाटेवर आला असता जेथे गाव दिसावयाचे तेथे त्यास ते दिसले नाही. नेहमी काय दिसते हे ज्याच्या डोळ्यांत बसलेले असते त्यालाच काय नाहीसे झाले ते कळते. निरीक्षणाचे पदक या मनुष्यास द्यावयास हरकत नव्हती, आणि आमच्या मते त्याने त्या विषयाची एकही पुस्तिका वाचली नसावी.

आता तो अपराध. डिंभ्याच्या पाण्यापलीकडे, भीमाशंकरच्या बाजूस, महादेव कोळी लोकांची वस्ती असलेली खेडी आहेत. हिरड्याचे झाड हा त्यांचा मोठा आधार. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकावयाचा. अशाच एका खेड्यातील शाळेत आम्हांस एकदा परीक्षक म्हणून बोलाविले होते. पदक पायोनियरचे, म्हणजे दोर, गाठी, बांधण्या व त्यांच्या साहाय्याने पूल, मचाण वगैरे उभारणे यांचे होते. सकाळी तोंडी परीक्षा झाली. तेरा वर्षांचा एक सावळा, काटक मुलगा समोर आला. शीट बेंड म्हणजे काय, ती केव्हा वापरतात, असे आम्ही विचारले. तो गप्प. क्लोव्ह हिच? गप्प. पुस्तिका वाचली आहेस काय? मान नकारार्थी हलली. पथकात पुस्तिका एकच होती आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे आम्हांस मागाहून कळले; त्या वेळी आम्ही विचारले नाही. आम्ही कागदावर ‘असमाधानकारक’ असे लिहिले, व तो कागद दुपारच्या गाडीने तालुक्यास गेला.

संध्याकाळी पाऊस आला. आमच्या तंबूचा एक दोर खुंटीपर्यंत पोहोचेना. आम्ही काय करावे या विचारात असता तोच मुलगा आला, त्याने आपल्या कमरेची बारीक सुतळी काढली, आमच्या जाड दोराच्या टोकाला तिचा एक वेढा घेऊन क्षणात जोडली, आणि दुसरे टोक जवळच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घालून आवळले. आम्ही कंदील जवळ धरला. जाड व बारीक दोर जोडण्यासाठी जी गाठ वापरतात ती शीट बेंड, आणि बुंध्यावर निर्दोष क्लोव्ह हिच! पावसात, अंधारात, न पाहता बांधलेल्या. आम्ही विचारले, “या गाठीचे नाव काय रे?”

“नाव कशाला? गाठ हाय ती,” तो म्हणाला. “आज्यानं शिकवली. हिरड्याची पोती बांधाया लागती.”

वाचकांनी आमची त्या वेळची स्थिती कल्पावी. नियमात शब्द होते ‘बांधून दाखव’. आम्ही विचारले ‘नाव सांग’. पुस्तिकेतील प्रश्न विचारणे सोपे, उत्तर बरोबर की चूक हे ठरविणे त्याहून सोपे. दोर आणा, लाकडे आणा, तासभर पाहत बसा, हे सर्व त्रासाचे. पुस्तिका आधी वाचलीच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांत मुलांच्या हितचिंतकांपेक्षा आमच्यासारख्या आळशी परीक्षकांचा भरणा अधिक असतो, असे आम्हांस त्या रात्री प्रथम वाटले. आणखी एक गोष्ट. शहरातील सुशिक्षित घरचा मुलगा पुस्तिका सहज वाचतो, आई-वडील विचारून घेतात, तो पदकांनी बाही भरतो. आणि ज्याच्या हातांत ती विद्या तीन पिढ्यांची आहे तो पदकावाचून राहतो. ब्राउनसी बेटावर दोन प्रकारची मुले एका तंबूत ठेवली होती ती बहुधा याचसाठी.

दुसऱ्या दिवशी कागद परत मागवून दुरुस्त करता आला असता. आम्ही ‘पुढल्या वेळी पाहू’ असे म्हटले. त्या वर्षीचे पदक त्या मुलास मिळाले नाही.

मंचरच्या तंट्यात आम्ही जो निकाल दिला तो असा. ज्या कामात चूक झाली असता दोर सुटेल, भात करपेल, पक्ष्याचे नाव चुकेल, त्या कामास मुलाने प्रथम हात घालावा. अडेल तेथे पुस्तिका उघडावी, आणि काम झाल्यावर ती सावकाश सबंध वाचावी, म्हणजे इतर लोकांनी तेच काम कसे केले व त्यास काय नाव दिले ते त्यास कळेल. नावांची किंमत आम्ही कमी समजत नाही. नावावाचून ज्ञान एका गावचे दुसऱ्या गावी जात नाही. परंतु जेथे चूक जिवावर बेतते, म्हणजे पाणी, आग, साप, कडा, अंधारातील ऊस, तेथे आधी शिकूनच पाऊल टाकावे; आणि शिकावयाचे ते ताज्या पुस्तकातून व त्याच जागी राहणाऱ्या माणसाकडून. दोहोंपैकी एक मिळत नसेल तर तो दिवस घरी काढावा. पदकाची यादी मात्र कामाला लागण्यापूर्वी मुलाने अवश्य वाचावी, कारण आपल्याकडून काय मागितले आहे हे माहीत नसणे यात कसलेही शौर्य नाही.

वकीलसाहेबांनी ‘दोहोंपैकी एक’ या शब्दांवर बराच खल केला. मातोश्रींनी मुलास मंचरच्या बाजारातून दहा हात दोर आणून दिला. तंबू मुलाने आमचा निकाल लागण्यापूर्वीच गच्चीवर ठोकला होता व तो पहिल्याच वाऱ्यात शेजारच्या अंगणात जाऊन पडला होता, असे कळले. त्यानंतर खुंट्यांविषयीचे प्रकरण त्याने स्वतः होऊन वाचले.

डिंभ्यापलीकडच्या त्या मुलास आम्ही, बरेच उशिरा, गाठींची एक पुस्तिका पाठविली व तिच्याबरोबर एक पत्रही लिहिले, ज्यात आमची चूक कबूल केली होती. महिनाभर उत्तर आले नाही. मग त्याच्या शिक्षकांचा दूरध्वनी आला. मुलाने पुस्तिका सगळी वाचली होती, दोनदा. त्याला आता नावे येतात. आणि त्याने सांगावा दिला होता की, एका पानावर शीट बेंडचे चित्र आहे त्यात बारीक दोराचे टोक उलट बाजूने काढले आहे, तसे बांधले तर पोते सुटेल. तेवढे छापणाऱ्यास कळवावे.